बिजागरीला ग्रीस, चापाला थेंबभर तेल

दुनळी बंदुकीला कुठलं तेल लावायचं, हे अमेरिकेतल्या एखाद्या ट्रॅप रेंजवर विचारून बघा. चार जण असतील तर पाच बाटल्या पुढे येतील. आपल्यातल्या बऱ्याच जणांची या खेळाशी गाठ इथे आल्यावरच पडते. कुणाचा धाकटा भाऊ शाळेच्या क्ले टार्गेट टीममध्ये असतो, कुणी युनिव्हर्सिटीच्या क्लबात जातं. बंदूक महाग असते, अनेकदा सेकंडहँड. ती पुढच्या पिढीपर्यंत टिकेल की लवकर खिळखिळी होईल, हे बऱ्याच अंशी चिमूटभर वंगणावर ठरतं. म्हणून बाटल्या जरा बाजूला ठेवू आणि आधी आत काय चाललंय ते बघू.

ही बंदूक मधोमध मोडून उघडते. वरची कळ सरकवली की अडसर मागे जातो आणि नळ्या बिजागरीवर खाली झुकतात. काडतूस घातलं, बंद केली, की अडसर पुन्हा बसतो. ब्राउनिंगच्या 1931 साली बाजारात आलेल्या 'सुपरपोज्ड'मध्ये या बिजागरीत आरपार जाणारी एक जाड खीळ आहे. बेरेटाच्या बंदुकांमध्ये त्याऐवजी दोन बाजूंना दोन छोट्या गोल खुंट्या असतात. काम एकच: सगळा भार झेलत फिरणं. ट्रॅपच्या एका राउंडमध्ये 25 क्ले असतात आणि स्पर्धेत सहज 100 होतात. म्हणजे शंभर वेळा उघडझाप. शिवाय बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसाला दाबाची मर्यादा आहे प्रति चौरस इंच 11,500 पौंड. बार उडतो तेव्हा तो धक्का शेवटी बिजागरी आणि अडसरावरच येतो.

आता थोडं घर्षणशास्त्र. जर्मन इंजिनिअर रिचर्ड श्ट्रिबेक यांनी 1902 च्या सुमारास बेअरिंगवर मोजमापं केली. त्यातून दिसलं की दोन धातूंमध्ये तेलाचा अखंड थर टिकणं तीन गोष्टींवर अवलंबून असतं: वेग, तेलाचा दाटपणा आणि भार. वेग जास्त असेल तर फिरणारा भाग तेल स्वतःच आत ओढतो आणि त्यावर तरंगतो. वेग कमी आणि भार जास्त असेल तर पातळ तेल बाजूला ढकललं जातं आणि धातू धातूला भिडतो.

आपल्याकडे हे कुणी पुस्तकातून शिकलं नव्हतं. बैलगाडीच्या आसाला दाट, काळं ओंगण घालायचे आणि शिलाई मशीनला पातळ तेलाचे दोन थेंब सोडायचे. आस जड ओझ्याखाली सावकाश फिरतो, मशीन हलकं आणि भराभर चालतं. बंदुकीची बिजागरी ही बैलगाडीच्या जातीची. चाप आणि त्यामागची यंत्रणा मात्र शिलाई मशीनची भावंडं.

म्हणून खीळ किंवा खुंट्या, अडसराच्या घासणाऱ्या बाजू आणि फोर-एंडचं लोखंड जिथे बंदुकीच्या गोलाईवर घासतं ती जागा, इथे ग्रीस. ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. ते वाहून जात नाही. काही ग्रीसमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइड असतं. त्याचे थर पत्त्यांसारखे एकमेकांवरून सरकतात, त्यामुळे तेलाचा थर फाटला तरी धातू एकमेकाला ओरबाडत नाहीत. मिनेसोटाच्या हिवाळ्यात दाट ग्रीस घट्ट होतं. तिथे थंडीसाठी बनवलेलं सिंथेटिक ग्रीस बरं. चोकच्या आट्यांनाही थोडं ग्रीस लावावं, नाहीतर त्या जाम होतात.

चाप आणि इजेक्टरला पातळ गन ऑइलचा एकेक थेंब पुरतो. नळ्यांच्या बाहेरून त्याच तेलाचं फडकं फिरवलं की गंज दूर राहतो. डब्ल्यूडी-40 चं काय? तो 1953 साली सॅन डिएगोत तयार झाला. नावातले डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं, आणि 40 म्हणजे चाळिसावा प्रयत्न. पावसात भिजलेली बंदूक आधी कोरडी करायला तो ठीक आहे, पण बिजागरीचा भार पेलायला तो पुरत नाही.

घरातली तेलं मात्र घरातच ठेवा. खोबरेल साधारण 24 अंश सेल्सियसखाली गोठतं. जवसाचं तेल हवेत सुकून कडक होतं. याच गुणामुळे ते लाकडी दस्त्याला शोभतं आणि याच गुणामुळे ते यंत्रणेत गेलं की सगळं चिकट करून ठेवतं.

कुठे लावू नये हेही तितकंच महत्त्वाचं. काडतूस बसतं ती जागा आणि नळीची आतली बाजू बार काढण्याआधी कोरडी पुसून घ्या. बंदूक मागच्या टोकावर उभी ठेवली तर जादा तेल हळूहळू दस्त्यात उतरतं, लाकूड मऊ पडतं आणि पुढे तडकतं. तेल लावल्यावर काही वेळ नळीचं तोंड खाली करून ठेवण्याची जुनी पद्धत त्यासाठीच आहे.

दोन गोष्टी या सगळ्याच्या आधीच्या. एक, बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहा. दोन, तुम्ही एफ-1 किंवा एच-1बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल, तर फेडरल कायदा बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई करतो. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. मित्राची बंदूक साफ करायला घेणंही 'जवळ बाळगणं' ठरू शकतं, तेव्हा आधी नीट विचारून घ्या. राज्याराज्यांचे नियम आणखी वेगळे.

मग कृती सोपी आहे. जुनं ग्रीस पूर्ण पुसा, कारण त्यात अडकलेली धूळ पॉलिश पेपरसारखी धातू खाते. नवं ग्रीस बोटाच्या टोकावर घेऊन पातळ पसरा. बंद करताना बाहेर आलं तर जास्त झालं. अधूनमधून फोर-एंड काढा, रिकामी बंदूक बंद करा आणि नळ्या हलवून बघा. खडखड जाणवली तर कुठलंही ग्रीस उपयोगाचं नाही. ती बंदूक वापरायची थांबवा आणि सरळ गनस्मिथकडे न्या.