नाश्त्याला वर जायचं की खाली?

सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरवरून आदल्या संध्याकाळी सुटलेलं जहाज आता मलाक्काच्या सामुद्रधुनीत आहे. सकाळचे साडेनऊ वाजलेत. वरच्या डेकवरच्या बुफेत आजोबा एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात नातवाचं बोट धरून रिकामं टेबल शोधताहेत. आजींना इडली दिसलीय, पण सांबार कुठल्या काउंटरवर आहे ते कळत नाहीये. आई ऑम्लेटच्या रांगेत सहावी, बाबा कॉफीच्या मशीनशी झटापट करताहेत आणि मुलीनं एव्हाना दोन डोनट संपवलेत. सहाही जण एका टेबलाशी जमेपर्यंत इडली गार झालेली असते. क्रूझवर गेलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांना हे दृश्य ओळखीचं वाटेल.

गंमत अशी, की त्याच वेळी त्याच जहाजात आठ-दहा डेक खाली पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं रिकामी असतात. तिथे वेटर मेनूकार्ड आणून देतो, पाणी ओततो, मुलांसाठी उंच खुर्ची आणतो. आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

मोठ्या प्रवासी जहाजांवर साधारणपणे नाश्त्याच्या निदान दोन जागा तिकिटातच धरलेल्या असतात. एक वरचा बुफे. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर त्याचं नाव विंडजॅमर, डिस्नीच्या जुन्या चार जहाजांवर कबानाज, तर सिंगापूरहून सुटणाऱ्या आणि आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या आवडत्या ‘गेंटिंग ड्रीम’वर द लिडो. दुसरी जागा म्हणजे रात्रीच्या जेवणाचं मुख्य डायनिंग. बुफे पोहण्याच्या तलावाजवळ असतो, तिकडे येता-जाता पावलं वळतातच. डायनिंग रूम मात्र तिसऱ्या ते पाचव्या डेकच्या आसपास कुठेतरी असते, आणि ती फक्त रात्रीचीच, असा अनेकांचा समज असतो. सकाळी ती उघडी असते हे कित्येकांना सफर संपताना कळतं. डायनिंगची सकाळची वेळ बुफेपेक्षा कमी असते, बहुधा दीड-दोन तासांची, एवढंच. ती रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा जहाजाच्या अ‍ॅपवर दिलेली असते, आणि ती आदल्या रात्रीच पाहिलेली बरी.

या वेळेच्या प्रश्नात भारतीय प्रवाशांची एक खास अडचण आहे, आणि ती घड्याळाची आहे. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथले सकाळचे आठ म्हणजे पुण्यातले पहाटेचे साडेपाच. नुकतंच विमानातून उतरलेलं कुटुंब जहाजाच्या घड्याळानुसार आठला उठणं कठीणच. ते साडेनऊ-दहाला वर पोचतं, म्हणजे नेमकं गर्दी टिपेला असताना, आणि खाली डायनिंगचं दार बंद व्हायच्या बेतात असताना. भारतातून फ्लोरिडाला जाऊन कॅरिबियन सफर करणाऱ्यांचं उलटं होतं. पहाटे तीनला टक्क जाग येते आणि बुफे उघडायला अजून तीन-चार तास असतात. अशा वेळी चोवीस तासांतला बहुतेक वेळ उघडी असणारी छोटी कॅफे उपयोगी पडते. रॉयल कॅरिबियनच्या अनेक जहाजांवर ‘कॅफे प्रोमनाड’ आहे, तिथे सँडविच, पेस्ट्री आणि साधी कॉफी मोफत मिळते. शिवाय वाटेत देशाची वेळ बदलली, तरी जेवणाच्या वेळा जहाजाच्या घड्याळावरच चालतात. फुकेत सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. किनाऱ्याजवळ पोचताच फोन आपोआप तिथली वेळ दाखवू लागतो आणि घोळ होतो. साधं मनगटी घड्याळ इथे कामाला येतं.

मग खालीच का जाऊ नये रोज? कारण खालच्या नाश्त्याला वेळ लागतो. ऑर्डर द्यायची, वाट पाहायची, मग फळं, मग गरम पदार्थ, मग कॉफी. पाऊण तास ते तास कुठे जातो कळत नाही. दिवसभर जहाज समुद्रातच असेल, तर ही चैन परवडते, किंबहुना त्याच दिवशी ती घ्यावी. कारण समुद्रातल्या दिवशी कोणालाच कुठे जायची घाई नसते, सगळे उशिरा उठतात आणि एकाच वेळी बुफेवर तुटून पडतात.

बंदराच्या दिवशी हिशेब उलटतो. पेनांगला जहाज धक्क्याला लागतं, पण फुकेतच्या पाटोंगसमोर मोठी जहाजं समुद्रातच नांगर टाकतात आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेलं जातं. लक्षद्वीपलाही तसंच. सहलीच्या गटाला सकाळी ठरावीक वेळी जमायचं असतं, बोटीचा क्रमांक घ्यायचा असतो. अशा सकाळी बुफेच बरा: पंधरा मिनिटांत दोन अंडी, टोस्ट, केळं आणि चालू पडायचं. फक्त टेबलावरचं सफरचंद किंवा उकडलेलं अंडं ‘मुलाला मध्येच भूक लागेल’ म्हणून पिशवीत टाकू नये. ताजं अन्न किनाऱ्यावर न्यायला बहुतेक जहाजं मनाई करतात. सिडनीहून न्यूझीलंडच्या सफरीला जाणाऱ्या मराठी मंडळींनी तर हे लक्षातच ठेवावं. दोन्ही देशांत फळं, मांस, बिया यांबाबतचे नियम अत्यंत कडक आहेत आणि न सांगता नेलेल्या एका फळावरही मोठा दंड होऊ शकतो.

आजी-आजोबा बरोबर असले की आणखी एक कारण खालच्या बाजूचं पारडं जड करतं. जहाज हलतं तेव्हा सर्वांत जास्त झोका वरच्या डेकवर आणि दोन्ही टोकांना बसतो. तळाजवळ आणि मध्यावर तो सर्वांत कमी. बुफे नेमका वर आणि पुष्कळदा अगदी मागच्या टोकाला. समुद्र खवळलेला असेल, तर हातात भरलेलं ताट घेऊन चालणं साठीपुढच्या माणसाला जिकिरीचं होतं. ज्यांना मळमळतं त्यांनी खाली बसून कोरडा टोस्ट, हिरवं सफरचंद, आल्याचा चहा असं थोडंथोडं खावं. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, हे अनेकांना उलटं वाटतं, पण खरं आहे. डायनिंग रूम जहाजाच्या पार मागे असेल, तर हा फायदा थोडा कमी होतो. तरीही वरच्यापेक्षा बरंच.

शाकाहारी घरांचा प्रश्न मात्र वर-खालीच्या पलीकडचा आहे. पाश्चात्त्य जहाजांवर ‘व्हेजिटेरियन’ म्हणजे मांस-मासे नाहीत; अंडं त्यात चालतं. पॅनकेक, वॉफल, मफिन, फ्रेंच टोस्ट या सगळ्यांत अंडं असतं. ऑम्लेटच्या काउंटरवर त्याच तव्यावर हॅमही परतलं जातं. हॅश ब्राउन बटाट्याचे, पण ते कशाबरोबर तळले ते विचारायलाच हवं. सिंगापूरकडच्या जहाजांवर मिळणारी तांदळाची काँजी दिसते आपल्या पेजेसारखी, पण पुष्कळदा ती चिकनच्या पाण्यात शिजलेली असते. टोमॅटोतले बीन्स, ओट्स, दही, फळं, कॉर्नफ्लेक्स, ब्रेड-बटर यांवर निभतं, मात्र तीन दिवसांनी आजींना ते पुरे होतं. डायनिंग रूमचा खरा उपयोग इथे होतो. बुफेतल्या गर्दीत कोणाला विचारणार? खाली मुख्य वेटरला रात्रीच सांगून ठेवलं, तर पुष्कळ जहाजं सकाळी बिनअंड्याचं काहीतरी करून देतात. ‘गेंटिंग ड्रीम’वर शाकाहारी आणि जैन जेवणाची वेगळी सोय आहे. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’वर तर हा प्रश्न जवळपास उरतच नाही. १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावानं समुद्रात उतरलेलं, पुढे रॉयल कॅरिबियनचं ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झालेलं हे जहाज २०२१ पासून भारतीय प्रवाशांसाठी चालतं आणि जैन जेवणही देतं.

विचारायचं कोणाला, याचंही उत्तर जहाजावरच सापडतं. जहाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देशाचं नाव असतं. त्यात ‘इंडिया’ हमखास दिसतं आणि त्यातले अनेक गोव्याचे निघतात. सासष्टी-बार्देशातल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या तारवटी, म्हणजे खलाशी, जहाजांवर गेले आहेत. पूर्वी मालवाहू आणि प्रवासी आगबोटींवर, आता क्रूझवर. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाच्या टाळेबंदीत मुंबईबाहेर समुद्रात अडकलेल्या ‘मरेला डिस्कव्हरी’वरच्या भारतीय कर्मचाऱ्यांत गोवेकर होते, आणि तेव्हा त्यांच्यासाठी गोव्यात मोठा आवाज उठला होता. असा एखादा वेटर भेटला, की कोकणी-मराठीत दोन वाक्यं होतात. कोणत्या काउंटरवर काय खरोखर शाकाहारी आहे आणि गर्दी किती वाजता ओसरते, हे त्याच्याइतकं नेमकं कोणी सांगणार नाही.

बुफेबद्दल आणखी एक धाकधूक असते, पोटाच्या दुखण्याची. क्रूझवर उलट्या-जुलाबांची साथ पसरली की बातमी होते, आणि बहुतेक वेळा तिच्यामागे नोरोव्हायरस असतो. तो हातांमधून पसरतो. शेकडो जणांनी धरलेला पळीचा दांडा ही त्याची आवडती वाट. दाराशी ठेवलेलं अल्कोहोल जेल त्याच्यावर फारसं चालत नाही, साबण आणि पाणीच लागतं. म्हणूनच काही नव्या जहाजांवर बुफेच्या दाराशी हात धुण्याची बेसिनं बसवलेली आहेत. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांची तिथली सीडीसी ही आरोग्ययंत्रणा न कळवता तपासणी करते. शंभरपैकी पंच्याऐंशी किंवा कमी गुण पडले, तर जहाज नापास. गरम पदार्थ ५७ अंश सेल्सियसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावे लागतात. एवढं करूनही पळी धरणारे हात प्रवाशांचेच. ज्या कुटुंबात खूप लहान मूल किंवा नुकतंच आजारातून उठलेलं माणूस आहे, त्यांनी टेबलावर वाढणारी जागा निवडावी आणि तिथेही आधी हात धुवावेत.

मोठ्या जहाजांवर निवड दोनांवर थांबत नाही. २००९ मध्ये आलेल्या रॉयल कॅरिबियनच्या ‘ओएसिस ऑफ द सीज’पासून सुरू झालेल्या मालिकेतली जहाजं पाच हजारांहून अधिक प्रवासी घेतात. इतक्यांना एकच बुफे पुरणार नाही हे उघड आहे, म्हणून त्यांवर ‘सेंट्रल पार्क’ नावाच्या भागात ‘पार्क कॅफे’ आहे, ‘बोर्डवॉक’ नावाच्या भागात ‘जॉनी रॉकेट्स’ आहे. या दुसऱ्या ठिकाणी दुपारी पैसे पडतात, पण सकाळचा नाश्ता तिकिटातच असतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. अंडी, पॅनकेक, जवळच मुलांना आवडणारं मेरी-गो-राउंड. मुलांच्या बाजूनं पाहिलं, तर ही जागा विंडजॅमरला सहज हरवते. २०२४ मध्ये आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर तर लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सर्फसाइड नावाचा वेगळा भागच आहे, आणि तिथे स्वतःचा छोटा बुफे. डिस्नीचं आकर्षण वेगळं: मिकीच्या आकाराचं वॉफल, आणि काही लांबच्या सफरींत मिकी-मिनीच्या भेटीसह नाश्ता. तो हवा असेल, तर आधी नाव नोंदवावं लागतं. त्याच जहाजांवरच्या ‘पालो’ या जादा पैशांच्या रेस्तराँत अठराखालच्यांना प्रवेशच नाही. तेव्हा तिथल्या ब्रंचची स्वप्नं पाहण्याआधी मुलं कोणाकडे ठेवणार ते ठरवावं. डिस्नीवर त्यासाठी मुलांचे क्लब आहेत, पण आजी-आजोबा असतील तर प्रश्नच मिटला.

तिसरी वाट केबिनची. डिस्नीवर केबिनमध्ये मागवलेला साधा नाश्ता मोफत. वेटरला टिप द्यायची तेवढी. रॉयल कॅरिबियनवर सकाळचा थंड नाश्ता, म्हणजे ब्रेड, फळं, सीरियल, कॉफी, मोफत मिळतो. गरम पदार्थ मागवले, तर शुल्क. रात्री दाराच्या मुठीला कार्ड अडकवायचं, त्यावर पदार्थ आणि वेळ लिहायची. बाल्कनीवाल्या केबिनमध्ये समुद्र बघत कॉफी पिण्याचं चित्र जाहिरातीत शोभतं. प्रत्यक्षात ही सोय सर्वांत जास्त उपयोगी पडते ती बंदराच्या सकाळी, दोन मुलांना आंघोळ घालून तयार करणाऱ्या आईला. आपल्याकडची मंडळी बरोबर नेतात ती झटपट पोह्या-उपम्याची पाकिटं. पण किटली न्यायची म्हटलं, तर आगीच्या भीतीनं अनेक कंपन्यांची तिच्यावर बंदी आहे. गरम पाणी बुफेतल्या चहाच्या काउंटरवर मिळतं, वाटी तिथेच भरून आणावी.

उरतो शेवटचा दिवस, आणि त्या सकाळी निवड जवळपास संपलेली असते. केबिन लवकर रिकामी करावी लागते, मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवलेल्या असतात, केबिनमधला नाश्ता बहुतेक जहाजांवर बंद असतो. डिस्नीवर तर आदल्या रात्री ज्या रेस्तराँत जेवलात तिथेच नाश्त्याची ठरलेली वेळ मिळते: लवकर जेवणाऱ्यांना पावणेसातला, उशिरा जेवणाऱ्यांना आठला. ती नको असेल, तर वरचा बुफे लवकर उघडतो, पण त्या दिवशी तिथे सगळं जहाजच लोटलेलं असतं. म्हणून मुलाचं दूध, आजोबांच्या सकाळच्या गोळ्या आणि एखादं बिस्किटाचं पाकीट दाराबाहेर गेलेल्या बॅगेत नाही, हे रात्री झोपण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावं. एकदा उचललेली बॅग थेट टर्मिनलवरच मिळते.