बाटलीची अनामत आणि तळपायाची जखम

आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वर्षांच्या एका मुलाला त्याच्या आजोबांनी पाठकुळी घेऊन दवाखान्यात आणले. पायाला पंचा गुंडाळलेला, जखमेत हळद आणि चहापूड गच्च भरलेली. बाजाराच्या मागच्या मैदानात चेंडूमागे धावताना फुटक्या बाटलीवर पाय पडला होता. जखम दोन बोटे लांब, रक्त थांबलेले. घरच्यांना वाटले, टाके घालून मलमपट्टी केली की झाले. मी त्याला पायाचा अंगठा वाकवायला सांगितला. अंगठा वाकेना. अंगठा वाकवणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काचेने तुटली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया, नंतर सहा आठवडे प्लॅस्टर, शाळा बुडाली ती वेगळीच. आणि घर चालते रोजंदारीवर.

अशा जखमा दवाखान्यात नव्या नाहीत. टाके घालायचे, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे आणि लोकांना शिस्त नाही म्हणून चुकचुकायचे, असा आम्हा डॉक्टरांचा रिवाज आहे. परंतु अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात काय घडले ते वाचल्यापासून नुसते चुकचुकणे मला पुरेसे वाटत नाही. त्या राज्यात 1983 साली बिअर व शीतपेयांच्या बाटल्या-डब्यांवर पाच सेंटची अनामत लागू झाली. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी कायद्यापूर्वीच्या आणि नंतरच्या मुलांच्या जखमांच्या नोंदी तपासल्या. घराबाहेर काचेने कापून टाके घालावे लागलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे 60 टक्क्यांनी घटले होते. इतर जखमा मात्र पूर्वीइतक्याच होत्या. म्हणजे मुले पूर्वीसारखीच खेळत-पडत होती, फक्त रस्त्यावरची काच कमी झाली होती. हा अभ्यास 1986 साली प्रसिद्ध झाला.

अनामत म्हणजे कर नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. बाटली विकत घेताना तिच्या किमतीवर ठराविक रक्कम जादा द्यायची. रिकामी बाटली परत केली की ती रक्कम जशीच्या तशी परत. परत केली नाही तर पैसे बुडाले. दंडाची पद्धत याच्या उलट असते. दंड करायला बाटली फेकणारा सापडावा लागतो, आणि अंधारात मैदानावर बसून बाटली भिरकावणारा कधी कोणाला सापडला आहे? अनामतीत कोणाला पकडायचे नसते. एखाद्याने मस्तीत बाटली फेकली तरी ती उचलणाऱ्याला पैसे मिळतात, त्यामुळे ती फार काळ पडून राहत नाही. कचरावेचक बायकांना भंगारात जे मिळते त्यापेक्षा हा दर कितीतरी चांगला पडतो. अमेरिकेत ऑरेगन राज्याने असा कायदा 1971 सालीच केला. जर्मनीत 2003 पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवरही अनामत आहे, ती आज 25 सेंट आहे.

आणि आपल्याला यात नवे ते काय? गोटी सोड्याची बाटली दुकानातच पिऊन परत द्यावी लागे; घरी न्यायची तर डिपॉझिट ठेवा, असे दुकानदार दरडावून सांगे. मुंबईत आरेच्या केंद्रावर दुधाची रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. ती बाटली कोणी रस्त्यावर टाकल्याचे ऐकिवात नाही. प्लॅस्टिक आले, बाटली फुकटची झाली आणि सवय मोडली. (फुकटची बाटली घरात साठते, तिच्यात फिनेल वा रॉकेल भरले जाते, आणि शीतपेय समजून लहान मूल ते पिते. त्याविषयी पुन्हा केव्हातरी सविस्तर लिहीन.)

आपल्याच देशातील ताजे उदाहरण निलगिरीचे आहे. तेथील जंगलात, चहाच्या मळ्यांत दारूच्या बाटल्या फेकल्या जात आणि त्यांच्या काचांनी हत्तींसह इतर वन्य प्राण्यांचे पाय चिरले जात. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. तामिळनाडूत दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळामार्फत होते. त्या दुकानांत मे 2022 पासून निलगिरी जिल्ह्यात प्रत्येक बाटलीमागे 10 रुपये जादा घेऊन, रिकामी बाटली आणल्यावर ते परत देण्यास सुरुवात झाली. नव्वद टक्क्यांहून अधिक बाटल्या परत येऊ लागल्या. पुढे ही योजना इतर जिल्ह्यांतही नेण्यात आली. दुकानातील कर्मचाऱ्यांनी कुरकुर केली, आणि ती अगदीच गैरवाजवी नव्हती. रिकाम्या बाटल्या ठेवायला जागा हवी, मोजायला माणूस हवा. ही सोय न करता योजना दुकानदाराच्या गळ्यात मारली तर ती टिकत नाही.

आपल्या राज्याचा अनुभव याच्या उलट आहे. 2018 च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या परत घेऊन पैसे देण्याची तरतूद होती. पिशवीमागे किमान 50 पैसे आणि बाटलीमागे एक-दोन रुपये अशी ती रक्कम होती. बाटली परत नेऊन दुकानदाराकडून पैसे घेतल्याचे वाचकांपैकी किती जणांना आठवते? माझ्या मते एक तर रक्कम फार लहान होती, आणि परत कोठे द्यायची याचा ठावठिकाणा नव्हता. शेजारच्या गोव्याने 2024 साली अनामत-परतावा योजनेची अधिसूचना काढली, तिच्याकडे लक्ष ठेवावे.

सगळ्या राज्याची वाट न पाहता एखाद्या जत्रेपुरतीही ही पद्धत चालवता येते. केदारनाथ यात्रेत 2022 साली प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर खुणेची चिठ्ठी चिकटवून 10 रुपये अनामत घेण्यात आली आणि रिकामी बाटली देताच परत केली गेली. आपल्या गावच्या जत्रेत दुकाने मोजकी, प्रवेशाच्या वाटा दोन-तीन. नगरपालिकेने मनावर घेतले तर अवघड नाही.

डेंग्यूचा विषयही येथे येतो, पण जपून. एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. उघड्यावरचे डबे, पेले, फुटक्या बाटल्यांचे बुंधे यांत पावसाचे पाणी साचते, तेवढी जागा अनामतीने कमी होईल. परंतु टायर, करवंट्या, कूलर आणि घरातील उघड्या टाक्या तशाच राहतील. तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडी घासून कोरडी करण्याला पर्याय नाही.

आता काच लागलीच तर काय करावे? वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साबणाने जखम धुवा, स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. हळद, चुना, चहापूड भरू नका. आत काच आहे की नाही हेच मग दिसत नाही. खोल रुतलेला तुकडा घरी उपटू नका. बोटे वाकत नसतील किंवा बधिर वाटत असतील, तर रक्त थांबले असले तरी त्याच दिवशी दवाखान्यात या. आत तुकडा असल्याची शंका असल्यास क्ष-किरण फोटोत काच बहुधा दिसते. धनुर्वाताची लस आता टीडी नावाने मिळते. मळलेल्या जखमेत शेवटच्या डोसाला पाच वर्षे उलटली असतील तर ती पुन्हा घ्यावी लागते, म्हणून मुलांचे लसीचे कार्ड येताना बरोबर आणा. त्या मुलाच्या आजोबांजवळ ते नव्हते.