संशोधनाचे बीजभांडवल

जाणता व्यापारी नव्या मालाची मोठी खरेदी करण्यापूर्वी प्रथम वानगी मागवितो. वैद्यकीय संशोधनासही हाच न्याय लागू पडतो. परंतु तेथील वानगीसाठी पैसा द्यावयास सहसा कोणी पुढे येत नाही. रुग्णालयाची इमारत डोळ्यांना दिसते, देणगीदाराचे नाव संगमरवरावर कोरले जाते. एखाद्या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी दिलेला पैसा मात्र दृष्टीस पडत नाही. त्याचे मोल जाणण्यास दूर जावयास नको. बेळगाव जिल्ह्याचे उदाहरण पुरेसे आहे.

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे जगभरातील एक प्रमुख कारण होय. त्यावरील ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते व ते टोचण्यास शिकलेला हात लागतो. खेड्यातील घरी होणाऱ्या बाळंतपणात या दोहोंची वाण असे. मग साध्या हवेत टिकणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी नर्सबाईंनी दिली, तर रक्तस्राव आवरेल काय, हा प्रश्न होता. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठ यांनी तो मिळून हाती घेतला. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २००१ साली आरंभिलेल्या माता-बालआरोग्य संशोधनाच्या जागतिक जाळ्याचा त्यास आधार होता.

पण रक्त मोजावयाचे कसे? अंदाज घेण्याची जुनी रीत डोळ्यांची. म्हणून मापाच्या खुणा असलेली पिशवी जोडलेली प्लॅस्टिकची चादर तयार करण्यात आली. जिल्हा रुग्णालयात अवघ्या १२३ स्त्रियांच्या प्रसूतीत तिची पारख झाली, तेव्हा डोळ्यांचा अंदाज चादरीच्या मापाहून शेकडा ३३ ने कमी भरला! तागडीच खोटी असेल तर हिशेब कितीही नेटका मांडला तरी व्यर्थ, हे आपणां व्यापाऱ्यांस कोणी सांगावयास नको. अशा लहानशा परीक्षेचे महत्त्व येथेच आहे.

मुख्य प्रयोग २००२ ते २००५ या काळात चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या टापूत १६२० स्त्रियांवर झाला. निम्म्यांस औषधाची व निम्म्यांस तशीच दिसणारी औषधहीन गोळी देण्यात आली. अतिरक्तस्रावाचे प्रमाण औषधहीन गटात शेकडा १२, तर औषधाच्या गटात ६.४ आढळले, म्हणजे दर अठरा स्त्रियांमागे एकीचा अतिरक्तस्राव टळला. २००६ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. मापाच्या चादरीचा प्रवासही थांबला नाही. आफ्रिकेतील चार देशांच्या ८० रुग्णालयांत अशी चादर व तत्काळ एकत्रित उपचार यांची जोड देण्यात आली, तेव्हा गंभीर परिणाम शेकडा ६० ने घटल्याचे २०२३ साली दिसून आले.

दुसरा धडा सहकार्याचा. बेळगाव व नागपूर येथील संस्थांनी अन्य सहा देशांतील केंद्रांसह २९,२७८ स्त्रियांवर ॲझिथ्रोमायसिनचा प्रयोग केला. एवढी संख्या एकट्या रुग्णालयास कोठून मिळावी? प्रसूतीच्या वेळी दिलेल्या एका मात्रेने मातेचा जंतुदोष अथवा मृत्यू शेकडा २.४ वरून १.६ वर आला. बालकांस मात्र लाभ झाला नाही. २०२३ साली या दोन्ही गोष्टी सारख्याच प्रामाणिकपणे मांडल्या गेल्या. खातेवहीत जमेप्रमाणे नावेही लिहावे लागते, तसेच हे.

या प्रयोगांमागे परदेशी पैसा मोठ्या प्रमाणावर होता. आपल्या भागातील प्रश्न आपणच निवडावयाचे, तर आरंभीची रक्कमही आपल्याच हातून निघाली पाहिजे. ती मोठी असण्याची गरज नाही. किमान दोन संस्था एकत्र याव्यात, प्रश्न नेमका असावा, मुदत ठरलेली असावी, नीतिसमितीची संमती व रुग्णाची खुषी घेतलेली असावी, हिशेब तपासला जावा आणि फळ अनुकूल असो वा प्रतिकूल, ते प्रसिद्ध व्हावे, एवढ्या अटी पुरेत. उत्तर 'नाही' असे आले, तरी मुद्दल बुडाले असे मानू नये. वानगी पाहून टाळलेली चुकीची खरेदी हाही नफाच असतो.

रुग्णालयात खाट दिली तर एका वेळी एका रुग्णाची सोय होते. खऱ्या उत्तराचा लाभ मात्र, ज्यांची नावे आपणांस कधीही कळणार नाहीत, अशा असंख्य मातांना होतो. दान देताना बंधुभगिनींनी या दुसऱ्या वाटेचाही विचार करावा, एवढीच विनंती.