गर्दाचा विळखा आणि जिभेखालची गोळी

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, खाडीच्या बाजूला कोपरी आहे. समजा, इथल्या एखाद्या घरातला पोरगा गर्दाच्या नादी लागला. घरचे त्याला खोलीत कोंडतात, शपथा घालतात. दुसऱ्या दिवशी नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, जुलाब, अंगाचा ठणका. आठवड्याने तो बरा दिसतो. सारे म्हणतात, "सुटला बुवा एकदाचा!"

खरा धोका पुढेच असतो, बरं का. शरीराची सवय आता मोडलेली असते. मोहापायी त्याने पूर्वीइतकाच गर्द घेतला, तर श्वास मंदावून माणूस दगावतो.

गर्द म्हणजे अफूपासून केलेले अशुद्ध हेरॉईन. मेंदूत अशा द्रव्यांची जणू कुलपे असतात. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध त्याच कुलपात बसते, पण किल्ली अर्धीच फिरते. तळमळ शमते, गर्दासारखी धुंदी चढत नाही. आणि कुलूप अडल्याने वरून घेतलेला गर्दही फारसा चालत नाही. गोळी जिभेखाली विरघळवायची असते. ती केव्हा सुरू करायची हे डॉक्टरांनीच ठरवावे. गर्दाचा अंमल असताना घेतली, तर त्रास उलट वाढतो. तिच्याबरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणे जिवावर बेतू शकते.

"म्हणजे एक व्यसन सोडून दुसरे लावायचे?" असे कोणी विचारील. तसे नव्हे. गर्दाने दिवसातून अनेकदा भरती-ओहोटी होते आणि माणूस तिच्यामागे धावतो. औषधाने पाणी एका पातळीवर राहते. माणूस कामाला जातो, घरी जेवतो. उपचार काही महिने, कधी काही वर्षेही चालतो. मध्येच तोडू नये. हे औषध आणि त्याच्याच कामाचे मेथाडोन, दोन्ही २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली.

गोळीला माणसांची सोबतही लागते. गर्दाची लाट पाहूनच पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यास हातभार लावला.

गुरुजनहो, एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी असे घडले, तर चारचौघांत बोलू नका. पालकांना शेजारी बसवा, सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागाची वाट दाखवा. १४४४६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. आणि एवढे जरूर सांगा : पोरगा पुन्हा घसरला, तरी दार लावून घेऊ नका. पुन्हा दवाखान्यात न्या.