वायरलेस नेटवर्कवरील व्यवहार: उत्तर आलेच नाही, तर काय समजायचे?

ॲटोमिसिटीची व्याख्या तुम्हाला पाठ असते: व्यवहार एकतर पूर्ण होतो, नाहीतर मुळीच होत नाही. एका डेटाबेसच्या आत, लॉगच्या आधारे ही हमी देता येते. पण व्यवहार सुरू करणारा फोन ऐन वेळी बोगद्यात शिरला तर?

यूपीआयचे उदाहरण घेऊ. तुम्ही मित्राला 500 रुपये पाठवले, पिन टाकला आणि पडद्यावर चक्र फिरत राहिले. विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नसेल. पोहोचून काम मध्येच अडले असेल. किंवा काम पूर्ण होऊन फक्त उत्तर हरवले असेल. फोनच्या दृष्टीने तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. उत्तरपत्रिकेत बरेच जण 'टाइमआउट म्हणजे व्यवहार अयशस्वी' असे लिहितात; ते चूक आहे. टाइमआउटवरून एवढेच कळते की निकाल अजून माहीत नाही.

यावर वर्गात हमखास प्रश्न येतो, टीसीपी तर विश्वसनीय आहे ना? आहे, पण जोडणी टिकून असेपर्यंतच. फोन वाय-फायवरून 4जी वर गेला की आयपी पत्ता बदलतो आणि जुनी जोडणी तुटते. शेवटची विनंती सर्व्हरवरील प्रोग्रामने पूर्ण केली की नाही, हे टीसीपी सांगू शकत नाही. पोचपावतीची पोचपावती मागून उपयोग नाही, कारण तीही हरवू शकते. जिम ग्रे यांनी 1978 मध्ये 'दोन सेनापतींचा पेच' या नावाने हाच प्रश्न मांडला होता.

मग करायचे काय? फोनने विनंती पाठवण्याआधीच व्यवहाराला एक अनन्य क्रमांक द्यायचा आणि तो स्वतःकडे साठवायचा. पुन्हा प्रयत्न करताना तोच क्रमांक वापरायचा. नवा क्रमांक दिला तर तो नवा व्यवहार ठरेल आणि पैसे दोनदा जातील. सर्व्हरने तो क्रमांक आधी पाहिला असेल, तर शिल्लक पुन्हा न कापता जुनेच उत्तर परत द्यायचे. या गुणाला आयडेम्पोटन्स म्हणतात. यातली मेख अशी, की क्रमांकाची नोंद आणि शिल्लक कापणे हे एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये झाले पाहिजे. वेगवेगळे केले आणि मध्येच सर्व्हर बंद पडला, तर सगळी मेहनत वाया.

आता दोन बँकांचे पाहू. पुस्तकात टू-फेज कमिट आहे. पण त्यात 'तयार आहे' असे कळवलेल्या बँकेला समन्वयकाचा निर्णय येईपर्यंत खाते लॉक करून थांबावे लागते. फोनला असा सहभागी केला तर त्याची बॅटरी संपेल आणि बँक खोळंबेल! म्हणून फोन फक्त विनंती करतो. एनपीसीआयच्या मार्फत आधी तुमच्या बँकेतून रक्कम वजा होते, मग मित्राच्या बँकेत जमा होते. जमा होऊ शकली नाही, तर उलटी नोंद करून तुमची रक्कम परत येते. गार्सिया-मोलिना आणि सालेम यांनी 1987 मध्ये मांडलेल्या 'सागा'शी हे जवळचे आहे.

ही भरपाई म्हणजे रोलबॅक मात्र नाही. रोलबॅकनंतर खात्यात खूण उरत नाही. इथे पासबुकात वजा आणि जमा अशा दोन्ही नोंदी दिसतात, आणि मधल्या काळात ते पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. महिनाअखेरीस 500 रुपयेच शिल्लक असलेल्याला हा फरक चांगलाच कळतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, रक्कम वजा होऊन समोरच्याला जमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती परत आली पाहिजे. त्यानंतर दर दिवशी 100 रुपये भरपाई. दुकानदाराला केलेल्या, पण त्याच्याकडे खात्री न पोहोचलेल्या पेमेंटसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे.

मुदत लागते, कारण मित्राच्या बँकेकडून उत्तर आले नाही तर घाईने उलटी नोंद करता येत नाही. तिथे रक्कम जमा झालेली असेल, तर पैसे दोघांकडेही जातील. आधी त्याच क्रमांकाने स्थिती विचारायची, तरीही कळले नाही तर दोन्ही बँकांच्या नोंदींचा ताळमेळ घालायचा.

प्रयोगशाळेत करून पाहा: शिल्लक कापल्यावर, पण उत्तर पाठवण्याआधी सर्व्हर मुद्दाम बंद करा. तो पुन्हा सुरू करून तीच विनंती आधी त्याच क्रमांकाने, मग नव्या क्रमांकाने पाठवा, आणि दोन्ही वेळची शिल्लक टिपून ठेवा.