चार मिनार, पाच इंद्रियं!

टाळी एका हाताने वाजत नाही, हे ठाऊकच आहे. पण इथे वाजवलेली टाळी किलोमीटरभर लांब ऐकू येते, हे माहीत आहे का? चला हैदराबादला, थेट गोवळकोंड्यावर! फतेह दरवाजाच्या घुमटाखाली ठरावीक जागी उभं राहून टाळी वाजवा. ती वर टेकडीच्या माथ्यावर, बाला हिसारपाशी ऐकू येते. कुतुबशाहीची वायरलेस सिस्टिमच ही!

आता हिशेब करा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे टाळी वर पोचते, तेव्हा खाली ती वाजून तीन सेकंद उलटलेले असतात. मग शेजारच्याच्या टाळीत उशीर का जाणवत नाही? तिथेही हात आधी दिसतात, आवाज मागून येतो. पण फरक इतका बारीक, की मेंदू दोन्ही जुळवून 'एकदम!' म्हणून पेश करतो.

हाच मेंदू दुसरीकडे भलताच काटेकोर. आवाज डाव्या कानात आधी आला की उजव्या, यातला सेकंदाच्या लाखाव्या भागाचा फरकही तो पकडतो. हाक कुठून आली, हे बरंचसं त्यावरूनच कळतं.

कान झाले, आता डोळे! सालारजंग म्युझियममधली 'व्हेल्ड रिबेका' माहीत आहे का? इटालियन शिल्पकार जोवान्नी बेन्झोनी यांची ही संगमरवरी युवती पहिल्या सालारजंगांनी 1876 मध्ये रोममध्ये घेतली. चेहऱ्यावर झिरझिरीत ओढणी, आत नाक-डोळे स्पष्ट. आणि ओढणी मुळी नाहीच! सगळा एकच दगड, आरपार दिसेल असं त्यात काही नाही. उंचसखल घड्या आणि त्यांवरची उजेड-सावली पाहून 'वर कापड, खाली चेहरा' असे दोन थर आपला मेंदूच रचतो. हा दगड आहे, असं मनाला दहादा बजावा, ओढणी दिसतेच. माहिती हरते, नजर जिंकते! हैदराबादेत एकच गोष्ट बघण्याइतका वेळ असेल, तर माझं मत रिबेकाला. चारमिनार रागावणार नाही.

त्याच म्युझियममधला लाकडी पुतळा समोरून मेफिस्टोफेलिस, मागून मार्गारेटा. मागे आरसा, म्हणून सैतान आणि सुंदरी एकाच तिकिटात!

आणि ते म्युझिकल घड्याळ? तासाचे ठोके द्यायला छोटा बाहुला बाहेर येतो आणि सगळी गर्दी त्याच्याकडे टक लावते. अशा वेळी शेजारून गोरिला गेला तर दिसेल? हसू नका! 1999 मध्ये सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना व्हिडिओतले बॉलचे पास मोजायला लावले. मधूनच गोरिलाच्या वेषातली व्यक्ती छाती बडवत गेली. जवळपास निम्म्यांना ती दिसलीच नाही! तेव्हा बाहुला बघा, पाकीटही सांभाळा.

नाक कुठे आहे? चारमिनारजवळच्या अत्तराच्या दुकानात! दोन-चार कुप्या हुंगल्या की सगळं सारखंच वाटतं ना? सतत येणाऱ्या वासाकडे मेंदू कानाडोळा करतो. त्याला हवी असते ताजी खबर. बाहेर या, साधी हवा घ्या, नाक पुन्हा ड्युटीवर हजर.

समुद्र नाही, तरी मोत्यांचं शहर! खरा मोती दातावर हलकेच घासला की किंचित खरखरतो, नकली बहुधा गुळगुळीत लागतो. बोटंही कमी नाहीत. फक्त 13 नॅनोमीटर उंचीच्या वळ्याही बोट ओळखतं, असं स्वीडनच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं. केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक!

भूक लागली? बिर्याणीसोबत मिर्ची का सालन घ्या आणि हे ऐका: तिखट ही चवच नाही! साधारण 43 अंशांच्या वर चटका बसला की जागा होणारा टीआरपीव्ही-1 नावाचा रिसेप्टर मिरचीतल्या कॅप्सेसिननेही जागा होतो, म्हणून जीभ 'भाजते'. हा रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल (आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत) मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे ग्लासावर ग्लास रिचवून फार फायदा नाही. दुधातलं प्रोटीन मात्र त्याला धरून ठेवतं. म्हणून रायता मागवा, बिनधास्त!

आणि पोपट हिरवी मिरची मजेत कसा खातो, माहीत आहे का? पक्ष्यांच्या या रिसेप्टरला कॅप्सेसिन समजतच नाही. मिरचीचाही फायदा: पुष्कळ पक्षी बिया न चावता गिळतात आणि दूरवर पेरून येतात!