गोल्फचे जुने मैदान आणि आपला पाऊस

छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचे औरंगाबाद) वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्रूज नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथला पाऊसही साधारण तेवढाच. पण सेंट अँड्रूजच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे माणसाच्या फारशा मदतीशिवाय गवताचे मैदान टिकून आहे. आपल्याकडे मात्र मार्च उजाडला की माळ पिवळा पडतो, एप्रिलमध्ये तपकिरी होतो आणि मे महिन्यात काही गावांत टँकर येतात. पाऊस तेवढाच असताना हा फरक का पडतो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण त्या मैदानाचीच ओळख करून घेऊ. भूगोल, पदार्थविज्ञान आणि गणित या तिन्ही विषयांचे धडे तिथे एकत्र भेटतात.

हे मैदान गोल्फचे आहे. 'ओल्ड कोर्स', म्हणजे जुने मैदान, याच नावाने ते जगभर ओळखले जाते. गोल्फ आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलेला नसेल. पण विटीदांडूची किंवा गोट्यांची गल सर्वांना माहीत आहे. गोल्फमध्येही एक गल असते, सुमारे १०८ मिलिमीटर व्यासाची. शे-पाचशे मीटरवरून काठीने चेंडू मारत मारत तो त्या गलीत घालायचा. असे १८ टप्पे पूर्ण करायचे. ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो जिंकला.

टप्पे १८च का? याचे उत्तर याच मैदानात आहे. पूर्वी इथे समुद्राकाठच्या अरुंद पट्टीत १२ गली होत्या. खेळाडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात आणि त्याच गलींवरून परत येत. जाताना ११ आणि येताना ११, असे २२ टप्पे होत. १७६४ साली पहिल्या चार टप्प्यांचे दोन करण्यात आले. जातानाचे दोन आणि येतानाचे दोन कमी झाले आणि २२चे १८ झाले. पुढे जगाने हाच आकडा उचलला.

एकोणिसाव्या शतकात खेळणाऱ्यांची गर्दी वाढली. जाणारे आणि येणारे एकाच गलीवर समोरासमोर येऊ लागले. तेव्हा गलीभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा, म्हणजे 'हिरवळ', रुंद करून तिच्यात दोन गली ठेवण्यात आल्या. आज इथे अशा सात जोड-हिरवळी आहेत. दुसरा टप्पा आणि सोळावा टप्पा एका हिरवळीवर, तिसरा आणि पंधरावा दुसरीवर, याप्रमाणे आठव्या आणि दहाव्यापर्यंत. प्रत्येक जोडीची बेरीज १८ येते. उरलेले चार टप्पे कोणते आणि मैदानावर एकूण हिरवळी किती, हे कोडे वर्गात जरूर घालावे. (उत्तर : पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा, एकूण ११ हिरवळी.)

मैदान आखले कोणी?

या मैदानाचा कोणी एक आरेखनकार नाही. सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हिमयुग संपले आणि स्कॉटलंडवरचा बर्फाचा प्रचंड थर वितळला. ओझे उतरल्यावर दबलेली जमीन हळूहळू वर आली. समुद्राचा जुना तळ उघडा पडला. त्यावरची वाळू वाऱ्याने उडवून तिचे उंचवटे आणि खोलगे तयार केले. त्यांवर फेस्क्यू आणि बेंट जातींचे बारीक, चिवट गवत रुजले. शेतीला ही जमीन निरुपयोगी होती. म्हणून तिथे मेंढ्या चरत, ससे बिळे करत आणि गावकरी खेळत. १५५२ सालच्या एका सनदेत गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळण्याचा हक्क नमूद केलेला आहे. ससे पाळण्याचा परवानाही त्याच सनदेतला!

मैदानावर आज ११२ 'बंकर', म्हणजे वाळूचे खड्डे आहेत. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी जमीन घासून त्यांतले काही खड्डे झाले, असे परंपरेने सांगतात. गवताचा पापुद्रा एकदा फाटला की वारा खालची वाळू उडवतो आणि खड्डा वाढत जातो, हे मात्र कोणत्याही वालुकामय किनाऱ्यावर पाहता येते. चेंडू उताराने खोलग्यात घरंगळतात, तिथेच पुन्हा पुन्हा फटके बसतात आणि तिथलेच गवत उखडते. म्हणजे खड्डे नेमके चेंडू जिथे जातो तिथेच! चौदाव्या टप्प्यावरचा 'हेल', म्हणजे नरक नावाचा बंकर माणसाच्या उंचीहून खोल आहे. १९२१ साली बॉबी जोन्स हा नामवंत खेळाडू अकराव्या टप्प्यावरच्या बंकरमध्ये इतका अडकला, की त्याने ती फेरीच सोडून दिली. सहा वर्षांनी तो परत आला आणि त्याच मैदानावर अजिंक्यपद जिंकून गेला.

मजा अशी, की मैदान रुंद आहे. बंकर चुकवून लांबून जाता येते. पण सुरक्षित बाजूने गेले की पुढचा फटका अवघड कोनातून मारावा लागतो. धोका पत्करून खड्ड्याजवळून गेले तर पुढची वाट सोपी. निर्णय प्रत्येकाने आपल्या ताकदीप्रमाणे घ्यायचा. २००० सालच्या स्पर्धेत टायगर वुड्सने चार दिवसांत ७२ टप्पे खेळताना एकाही बंकरमध्ये चेंडू जाऊ दिला नाही आणि तो जिंकला. १८७३ ते २०२२ या काळात 'ओपन' ही मानाची स्पर्धा इथे ३० वेळा झाली.

वारा नावाचा प्रतिस्पर्धी

सपाट दिसणाऱ्या या मैदानाची खरी परीक्षा वारा घेतो. हवेचा रोध चेंडूच्या हवेसापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चेंडूचा वेग सेकंदाला ६० मीटर आणि समोरचा वारा १० मीटर असेल, तर सापेक्ष वेग ७० मीटर होतो. रोध सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतो. तोच वारा पाठीमागून असेल तर सापेक्ष वेग ५० मीटर राहतो आणि रोध सुमारे ३१ टक्क्यांनी घटतो. मैदान जाऊन-येऊन असल्याने जाताना जो वारा मित्र, तोच येताना शत्रू.

गोल्फचा चेंडू खळीदार का असतो, हे विद्यार्थी नेहमी विचारतात. १८४८च्या सुमारास गटापर्चा या झाडाच्या चिकापासून केलेले गुळगुळीत चेंडू आले. खेळाडूंच्या लक्षात आले, की नवा चेंडू नीट उडत नाही. फटके खाऊन ओरखडे पडलेला जुना चेंडू मात्र लांब जातो. मग ते नव्या चेंडूवरही हातोडीने खुणा पाडू लागले. कारण नंतर कळले. खडबडीत पृष्ठभागाजवळची हवा खळबळून चेंडूला अधिक काळ चिकटून राहते. त्यामुळे मागची पोकळी अरुंद होते आणि रोध जवळजवळ निम्म्यावर येतो. १८९०च्या दशकात एडिंबरोचे पदार्थवैज्ञानिक पीटर टेट यांनी गणिताने दाखवले, की उलटी फिरकी मिळालेल्या चेंडूला हवा वर उचलून धरते. आधी निरीक्षण, मग नियम. विज्ञानाचा हा क्रम मुलांना सांगण्यासारखा आहे.

२०१५च्या जुलैत इथली स्पर्धा वाऱ्यामुळे दहा तासांहून अधिक काळ थांबवावी लागली. हिरवळीवर स्थिर ठेवलेले चेंडू आपोआप चालू लागले होते. हिशेब करून पाहू. चेंडूचे वस्तुमान सुमारे ४६ ग्रॅम, म्हणजे वजन ०.४५ न्यूटन. बारीक कापलेल्या हिरवळीवर घरंगळण्याला होणारा विरोध वजनाच्या सुमारे अठराव्या भागाइतका, म्हणजे ०.०२५ न्यूटन. चेंडूच्या उंचीवर वारा ताशी ३० किलोमीटर असला, तर त्याचा रेटा ०.०३ न्यूटनच्या जवळपास भरतो. रेटा विरोधापेक्षा अधिक झाला! गवतात किंचित रुतलेला चेंडू हलवायला थोडा जास्त जोर लागतो, हे खरे. पण सोसाट्याचा झोत आणि थोडा उतार असला की तोही पुरा पडतो. गवत जितके बारीक कापावे तितका वाऱ्याचा धोका मोठा.

पाऊस तोच, हिशेब वेगळा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. सेंट अँड्रूजचा पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो. महिन्याला सरासरी ५०-६० मिलिमीटर. हवा थंड असल्याने बाष्पीभवन कमी. जमिनीत साधारणपणे जमेइतकाच खर्च होतो. आपल्याकडे पावसाचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उरलेले आठ महिने ऊन मात्र खर्च करत राहते. पाणी मुबलक ठेवले, तर वर्षभरात १,५०० मिलिमीटरहून जास्त पाणी आपल्या हवेत उडून जाऊ शकते. जमा ७०० आणि खर्चाची तयारी त्याच्या दुपटीहून अधिक! सरासरी हा आकडा किती फसवा असू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

मातीचाही फरक आहे. वाळूचा कण मिलिमीटरच्या दशांशात मोजावा लागतो. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान. वाळूत पाणी तासाला कित्येक सेंटीमीटर मुरते. म्हणून ओल्ड कोर्सवर पावसानंतर लगेच खेळता येते. बेसाल्ट खडकापासून झालेली आपली काळी माती भिजली की फुगते, तिची छिद्रे मिटतात आणि मग पाणी तासाला जेमतेम काही मिलिमीटर आत शिरते. वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

अशा जमिनीवर सेंट अँड्रूजसारखे मैदान बारमाही हिरवे ठेवायचे ठरवले तर? समजा २५ हेक्टर गवताला उन्हाळ्यात रोज ६ मिलिमीटर पाणी द्यायचे. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. म्हणून २५ × ६ × १०,००० = १५ लाख लिटर, तेही रोज. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी माणशी ५५ लिटर हे प्रमाण धरले, तर हे पाणी सुमारे २७ हजार माणसांचे झाले. आम्ही गोल्फलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. तेवढ्याच क्षेत्रातल्या उसाची तहान याहून कमी नसते, हेही मुलांना सांगायला हवे. पण टंचाईत हा प्रश्न टाळता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले, ते याच हिशेबातून.

मग खेळूच नये का? ओल्ड कोर्सकडे नीट पाहिले तर वाट सापडते. आज तिथेही पाण्याचे फवारे आहेत. पण ते मैदान घडले ते जागेच्या स्वभावाप्रमाणे. उन्हाळा कोरडा गेला तर ते पिवळे-तपकिरी पडते. २०२२ची मानाची स्पर्धा अशाच कोरड्या, टणक जमिनीवर झाली. हिरवागार गालिचा हा चांगल्या मैदानाचा निकष नव्हेच. आपल्याकडचे हरळी, म्हणजेच गणपतीला वाहतो ती दूर्वा, हे गवत जगभरच्या उष्ण प्रदेशांतल्या मैदानांवर 'बर्म्युडा' नावाने लावले जाते. शेतकरी जिला तण म्हणून उपटतो ती हरळी पाण्यावाचून वाळते, पण मुळाशी जिवंत राहते आणि पहिल्या पावसाला फुटते. फक्त १८ हिरवळींनाच पाणी द्यायचे ठरवले, तर प्रत्येकी ५०० चौरस मीटर धरून रोज ५४ हजार लिटर पुरतात. म्हणजे आधीच्या सुमारे अठ्ठाविसाव्या भागात काम होते. तेही सांडपाणी शुद्ध करून देता येते. भारतात अनेक छावण्यांच्या मैदानांवर हिरवळीऐवजी तेल मिसळून दाबलेल्या वाळूची 'ब्राउन' नावाची जागा वापरात आली, ती याच गरजेतून.

जागा ओळखून बांधणी करण्याची रीत आपल्या शहराला नवी नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने इथली जमीन आणि तिचा उतार वाचून नहर-ए-अंबरी खोदवली आणि भूमिगत मार्गाने शहरात पाणी आणले. विद्यार्थ्यांना आपल्या शाळेचे मैदान असेच वाचायला लावावे. दोन सारख्या डब्यांच्या तळाला भोके पाडून एकात वाळू, दुसऱ्यात काळी माती भरा. दोन्हींत एक-एक पेला पाणी ओता, खालून किती पाणी किती मिनिटांत आले ते लिहा. पहिल्या पावसानंतर मैदानावर पाणी कुठे साचते, गवत कुठे आधी फुटते आणि कुठे शेवटी वाळते, याचा नकाशा काढा. पुढच्या वर्षी खेळपट्टी, झाडे किंवा शोषखड्डा यांची जागा ठरवताना तो नकाशा उपयोगी पडेल.